स्वस्त भाडे आणि स्पर्धेचा कायदा : बंगळूरच्या टॅक्सी-व्यवसायाचे एक प्रकरण

बंगळूरच्या दक्षिण भागातील बनशंकरी ही वसाहत कनकपुरा रस्त्यावरील देवीच्या मंदिरावरून ओळखली जाते. बदामीजवळची बनशंकरी ही महाराष्ट्रातीलही अनेक घराण्यांची कुलदेवता असल्याने हे नाव मराठी वाचकाला परके वाटू नये. या वसाहतीत शहर-बससेवेचे मोठे स्थानक आहे. २०१७ च्या जूनमध्ये मेट्रो रेल्वेच्या हिरव्या मार्गाचा पहिला टप्पा पूर्ण झाला, तेव्हा येथील मेट्रो स्थानकही सुरू झाले. रिक्षा तर कोपऱ्याकोपऱ्यावर उभ्या असतात. तरीही रात्री उशिरा आजारी माणसाला रुग्णालयात न्यावयाचे असेल, किंवा पहाटे सामानसुमानासह शहराच्या दुसऱ्या टोकापलीकडील देवनहळ्ळीच्या विमानतळाकडे निघावयाचे असेल, तर येथील रहिवाशाला दाराशी येणारी टॅक्सीच हवी असते. २०१३ नंतरच्या काही वर्षांत ही टॅक्सी त्याला पूर्वी कधी नव्हती इतकी स्वस्त मिळू लागली. भाडे कमी झाले म्हणून प्रवासी संतुष्ट होता. प्रत्येक फेरीमागे उत्तेजनार्थ जादा रक्कम मिळत असल्यामुळे चालकही संतुष्ट होता. तक्रार होती ती या दोघांव्यतिरिक्त तिसऱ्याची, म्हणजे जुन्या टॅक्सी-कंपन्यांची. इतक्या कमी दराने धंदा करणे प्रामाणिक व्यावसायिकाला शक्यच नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

या तक्रारीचा निर्णय भारतीय स्पर्धा आयोगाने १९ जुलै २०१७ रोजी दिला. स्वस्त भाडे हा गुन्हा कधी होतो, या वरवर विचित्र वाटणाऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना स्पर्धेचा कायदा कोणत्या पायऱ्यांनी विचार करतो, आणि त्या पायऱ्यांचा क्रम नव्या काळातील धंद्यांना कितपत लागू पडतो, हे समजून घेण्यास हे प्रकरण विशेष उपयुक्त आहे.

मक्तेदारीपासून स्पर्धेकडे

आर्थिक सत्तेच्या केंद्रीकरणाविषयीची चिंता भारतात संविधानाइतकीच जुनी आहे. संपत्तीचे व उत्पादन-साधनांचे समाजाला अपायकारक असे केंद्रीकरण होऊ नये, असे ३९ वा अनुच्छेद सांगतो. १९६४ मध्ये नेमलेल्या मक्तेदारी चौकशी आयोगाच्या अहवालानंतर १९६९ चा मक्तेदारी व प्रतिबंधक व्यापारी प्रथा अधिनियम झाला आणि जून १९७० पासून तो अंमलात आला. या कायद्याचा रोख मुख्यतः आकारावर होता. उद्योगसमूह विशिष्ट मर्यादेपेक्षा मोठा झाला की त्याच्या विस्ताराला शासनाची अनुमती लागे. १९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर ही दृष्टी कालबाह्य ठरली. राघवन समितीने २००० साली नव्या कायद्याची शिफारस केली व त्यातून २००२ चा स्पर्धा अधिनियम निर्माण झाला. त्यातील मुख्य कलमे अंमलात येण्यास मात्र २० मे २००९ हा दिवस उजाडावा लागला.

दोन्ही कायद्यांतील फरक थोडक्यात असा सांगता येईल : जुन्या कायद्याला मोठेपणाच संशयास्पद वाटे, नव्या कायद्याला मोठेपणाचा गैरवापर दोषास्पद वाटतो. स्पर्धा अधिनियमाचे ४ थे कलम वर्चस्वाला हात लावत नाही, वर्चस्वाच्या गैरवापराला मनाई करते. अमेरिकेत १८९० च्या शर्मन कायद्यापासून आणि १९११ मध्ये स्टँडर्ड ऑइल कंपनीचे विभाजन करणाऱ्या निकालापासून चालत आलेल्या विचारपरंपरेशी ही भूमिका मिळतीजुळती आहे. स्पर्धेचे रक्षण करावयाचे, स्पर्धकांचे नव्हे, हे या परंपरेतील सूत्र आहे. अकार्यक्षम व्यापारी बाजारातून बाहेर पडला तर कायद्याने अश्रू ढाळण्याचे कारण नाही. पण तो कार्यक्षम असूनही केवळ समोरच्याच्या थैलीपुढे टिकू शकला नाही, तर काय करावयाचे? बंगळूरच्या प्रकरणात हाच प्रश्न उभा राहिला.

प्रकरणाची हकीगत

दूरध्वनीवरून टॅक्सी बोलावण्याची सेवा बंगळूरमध्ये मेरू, फास्ट ट्रॅक यांसारख्या कंपन्या देत होत्या. ओला ही सेवा चालवणारी एएनआय टेक्नॉलॉजीज ही कंपनी आयआयटी मुंबईच्या दोन पदवीधरांनी २०१० च्या अखेरीस मुंबईत सुरू केली व पुढे तिचे मुख्य ठाणे बंगळूरला आले. तिने स्वतःच्या गाड्या न बाळगता, भ्रमणध्वनीतील अॅपच्या साहाय्याने प्रवासी व गाडीवाला यांची गाठ घालून देण्याची पद्धत अवलंबिली. २०१३ मध्ये उबर ही अमेरिकन कंपनी भारतात उतरली ती प्रथम बंगळूरमध्येच. मार्च २०१५ मध्ये ओलाने टॅक्सी-फॉर-शुअर ही बंगळूरचीच प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली.

फास्ट ट्रॅक कॉल कॅब या कंपनीने आयोगाकडे दिलेल्या माहितीत एक हिशेब मांडला होता. ओलाला प्रत्येक फेरीमागे सरासरी ३४४ रुपये मिळतात आणि तिचा फेरीमागील बदलता खर्च मात्र ५७४ रुपयांच्या घरात जातो, असा तिचा दावा होता. हा तोटा गुंतवणूकदारांच्या पैशातून भरून काढला जातो आणि त्याचा हेतू प्रतिस्पर्ध्यांना बाजारातून हुसकून लावण्याचा आहे, असा आरोप होता. एप्रिल २०१५ मध्ये आयोगाने चौकशीचा आदेश दिला. मेरूनेही त्याच आशयाची तक्रार त्याच वर्षी केली. दोन्ही तक्रारींचा निकाल २०१७ मध्ये एकत्रित देण्यात आला. ओलाला वर्चस्वी स्थान प्राप्त झालेले नाही, सबब वर्चस्वाच्या गैरवापराचा प्रश्नच उद्भवत नाही, असा तो निकाल होता.

मारक दर म्हणजे काय?

ज्या दरात स्वतःचा खर्चही भरून निघत नाही असा दर लावून प्रतिस्पर्ध्याला नामशेष करणे याला इंग्रजीत प्रिडेटरी प्रायसिंग म्हणतात. मराठीत त्याला मारक दर म्हणता येईल. स्पर्धा अधिनियमातील व्याख्येचे दोन भाग आहेत. दर खर्चापेक्षा कमी असला पाहिजे, आणि तो स्पर्धा घटविण्याच्या किंवा स्पर्धकांना संपविण्याच्या उद्देशाने लावलेला असला पाहिजे. यातील खर्च म्हणजे कोणता खर्च, याविषयी १९७५ मध्ये फिलिप अरीडा व डोनाल्ड टर्नर या अमेरिकन विद्वानांनी एक कसोटी सुचविली. आणखी एक नग तयार करण्यासाठी येणारा सीमांत खर्च ही खरी मर्यादा. परंतु तो मोजणे अवघड असल्यामुळे त्याऐवजी सरासरी बदलता खर्च धरावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. आयोगाच्या २००९ च्या विनियमांतही सर्वसाधारणपणे हाच खर्च स्वीकारण्यात आला.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, बनशंकरीहून शहराच्या मध्यभागी जाणाऱ्या प्रवाशाने १०० रुपये दिले व कंपनीने चालकाला १५० रुपये दिले. प्रत्येक जादा फेरीबरोबर कंपनीचा तोटा ५० रुपयांनी वाढतो. जितका धंदा अधिक, तितका तोटा अधिक. सामान्य दुकानदार असे करील तर त्याचे दिवाळे निघेल. म्हणून असे वागणाऱ्याच्या मनात पुढे कधीतरी दर वाढवून ही रक्कम व्याजासह वसूल करण्याचा बेत असला पाहिजे, असे अनुमान निघते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या ब्रुक ग्रुप प्रकरणात अशा वसुलीची वाजवी शक्यता दाखविणे फिर्यादीवर बंधनकारक केले. भारतीय कायद्याच्या शब्दांत अशी स्पष्ट अट नाही. येथे पहारेकऱ्याचे काम वर्चस्वाची अट करते. बाजारावर ज्याची पकड नाही, तो दर कितीही उतरवो, पुढे ते चढवू लागताच ग्राहक दुसरीकडे जातील, हा त्यामागील विचार आहे.

दोन उंबरठे : बाजार आणि वर्चस्व

वर्चस्व ठरविण्यापूर्वी ते कोणत्या बाजारातील, हे ठरवावे लागते. यालाच कायद्याच्या भाषेत संबद्ध बाजार म्हणतात. बनशंकरीच्या बसस्थानकावर उभ्या असलेल्या माणसाला बस, मेट्रो, रिक्षा व टॅक्सी हे चारही पर्याय दिसतात. हे सर्व एकमेकांची जागा घेऊ शकतात असे मानले तर बाजार इतका विस्तीर्ण होईल की त्यात कोणत्याही टॅक्सी-कंपनीचा हिस्सा नगण्य ठरेल. आयोगाने तसे मानले नाही. बोलावताक्षणी दाराशी येणारी, सामान वाहून नेणारी, इष्ट स्थळी थेट पोचविणारी सेवा ही वेगळी गरज भागविते, हे लक्षात घेऊन बंगळूर शहरातील रेडिओ टॅक्सी सेवा एवढाच बाजार त्याने विचारात घेतला. शहराची सीमा धरण्याचे कारणही सरळ आहे. बंगळूरच्या प्रवाशाला पुण्यातील टॅक्सीचा काही उपयोग नाही, आणि टॅक्सीचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत.

हा पहिला उंबरठा तक्रारदारांनी ओलांडला. दुसऱ्यावर ते अडले. वर्चस्व म्हणजे बाजारातील इतर शक्तींची पर्वा न करता वागण्याचे सामर्थ्य. कायद्याने त्यासाठी हिश्श्याची टक्केवारी सांगितलेली नाही. बाजारहिस्सा, कंपनीची साधनसंपत्ती, प्रतिस्पर्ध्यांचे बळ, नव्या स्पर्धकाच्या प्रवेशातील अडथळे, ग्राहकांचे अवलंबित्व इत्यादी अनेक गोष्टींचा एकत्र विचार करावयाचा असतो. ओलाचा हिस्सा मोठा होता, हे आयोगाने नाकारले नाही. परंतु उबरच्या आगमनानंतर दोघांत अटीतटीची चढाओढ चालू होती. नव्या सेवेमुळे टॅक्सीने प्रवास करणाऱ्यांची संख्याच अनेक पटींनी वाढली होती. आणि चालक व प्रवासी दोघेही एका वेळी दोन्ही कंपन्यांशी संबंध ठेवू शकत होते. ज्याला दररोज प्रतिस्पर्ध्याच्या दराकडे पाहून आपला दर ठरवावा लागतो, त्याला स्वतंत्र वर्तनाचे सामर्थ्य आहे असे म्हणता येत नाही. बाल्यावस्थेतील बाजारात घाईने हस्तक्षेप केल्यास स्पर्धेच्या स्वाभाविक गतीलाच बाध येईल, अशीही भूमिका आयोगाने घेतली.

तोटा की गुंतवणूक?

आयोगाच्या या भूमिकेला अर्थशास्त्राचा आधार आहे. ज्याँ-शार्ल रोशे व ज्याँ तिरोल या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये द्विपक्षी बाजाराचे विवेचन केले. अशा बाजारात मध्यस्थ दोन गटांना एकत्र आणतो, आणि एका गटाला मिळणारा लाभ दुसऱ्या गटाच्या संख्येवर अवलंबून असतो. गाड्या थोड्या असतील तर बनशंकरीच्या प्रवाशाला अर्धा तास थांबावे लागेल व तो पुन्हा अॅप उघडणार नाही. प्रवासी थोडे असतील तर चालक रिकामा बसेल व सोडून जाईल. हे चक्र सुरू करण्यासाठी प्रारंभी कोणाला तरी खर्चापेक्षा स्वस्त सेवा द्यावीच लागते. या दृष्टीने प्रारंभीचा तोटा म्हणजे जाळे विणण्यासाठी केलेली गुंतवणूक ठरतो.

अडचण अशी की, बाहेरून पाहणाऱ्याला गुंतवणूक आणि मारक दर या दोहोंचे रूप सारखेच दिसते. दोन्हींत दर खर्चाच्या खाली असतो, आणि दोन्हींत पुढे नफा होईल ही अपेक्षा असते. शिवाय जाळे एकदा घट्ट विणले गेले की तेच नव्या स्पर्धकाच्या मार्गातील सर्वांत मोठा अडथळा बनते. म्हणजे वर्चस्व सिद्ध होण्याची वाट पाहावी, तर तोवर ज्यांचे रक्षण करावयाचे ते स्पर्धक उरत नाहीत. आणि वाट न पाहता हात घालावा, तर ग्राहकाला मिळणारे स्वस्त भाडे व एक उपयुक्त नवी सेवा यांवरच घाव पडण्याचा संभव. आधी कंपनी वर्चस्वी आहे काय हे पाहावयाचे आणि मग तिच्या वर्तनाकडे वळावयाचे, हा कायद्याचा क्रम सिमेंट किंवा पोलाद यांसारख्या स्थिर उद्योगांत सोयीचा आहे. वर्चस्व हेच ज्या वर्तनाचे फळ असते, तेथे मात्र हा क्रम उलटा पडतो.

याच आयोगाने वर्चस्वाचा अर्थ दरवेळी इतका आखडून घेतला होता असेही नाही. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराने विदेशी चलनाच्या वायदे-व्यवहारांवर शुल्कच आकारले नाही, तेव्हा एमसीएक्स शेअर बाजाराने तक्रार केली. त्या विशिष्ट व्यवहारांत राष्ट्रीय शेअर बाजाराचा हिस्सा निम्म्याच्या आसपास होता व प्रतिस्पर्धीही कमकुवत नव्हता. तरी अन्य व्यवहारांतील नफ्याच्या बळावर हा तोटा दीर्घकाळ सोसण्याचे त्याचे सामर्थ्य विचारात घेऊन आयोगाने २०११ मध्ये त्याला वर्चस्वी ठरविले व ५५.५ कोटी रुपयांचा दंड केला. बंगळूरमध्ये तोटा सोसण्याचे बळ अन्य व्यवसायातून न येता गुंतवणूकदारांकडून येत होते, आणि ते दोघांपाशीही होते. एकाच्या थैलीला दुसऱ्याची थैली उत्तर देत होती. ज्यांच्यापाशी तशी थैली नव्हती त्यांचे काय, हा प्रश्न त्यामुळे मागे पडला.

दोघांचे मिळून वर्चस्व

ओला एकटी वर्चस्वी नसेल, तर ओला व उबर या दोघी मिळून वर्चस्वी आहेत असे म्हणता येईल काय? युरोपीय कायद्याला सामूहिक वर्चस्वाची कल्पना परिचित आहे. भारतीय अधिनियमाचे ४ थे कलम मात्र एखादा उद्योग किंवा एका नियंत्रणाखालील उद्योगसमूह यांविषयीच बोलते. २०१२ च्या दुरुस्ती विधेयकात एकट्याने किंवा संयुक्तपणे असे शब्द घालण्याचा प्रस्ताव होता. परंतु २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच ते विधेयक व्यपगत झाले. त्यामुळे आयोगाला हा युक्तिवाद स्वीकारता आला नाही, आणि मेरूने पुढे दोन्ही कंपन्यांविरुद्ध केलेल्या तक्रारीही २०१८ मध्ये फेटाळल्या गेल्या.

दिल्ली परिसरातील तक्रारीच्या संबंधात सर्वोच्च न्यायालयाने ३ सप्टेंबर २०१९ रोजी वेगळा सूर लावला. उबरला प्रत्येक फेरीमागे २०४ रुपये तोटा होतो, या आकड्याचा स्पर्धा संपविण्याच्या हेतूवाचून दुसरा अर्थ लावणे कठीण आहे, असे मत व्यक्त करून न्यायालयाने चौकशीचा आदेश कायम ठेवला. येथे न्यायालयाने वर्तनावरून वर्चस्वाकडे जाण्याची वाट दाखविली होती. तथापि चौकशीअंती २०२१ मध्ये आयोगाने तेही प्रकरण बंद केले.

निकालानंतरचे बंगळूर

ज्यांनी तक्रार केली त्या जुन्या कंपन्यांना शहराच्या टॅक्सी-व्यवसायात पूर्वीचे स्थान पुन्हा मिळाले नाही. टॅक्सी-फॉर-शुअर ही सेवा ओलाने २०१६ मध्येच बंद केली होती. त्या काळच्या कायद्यात कंपनी विकत घेण्यास आयोगाची संमती लागते की नाही, हे मालमत्ता व उलाढाल यांच्या आकड्यांवरून ठरे. ज्या नव्या कंपनीपाशी गाड्या नाहीत व नफाही नाही, तिची किंमत कितीही मोठी असली तरी ती या चाळणीतून निसटू शके. २०२३ च्या दुरुस्तीने २,००० कोटी रुपयांहून अधिक किमतीच्या व्यवहारांना, भारतात त्या कंपनीचा पुरेसा व्यवसाय असल्यास, वेगळी कसोटी लावली. ती सप्टेंबर २०२४ पासून अंमलात आली. मोठ्या अंकीय कंपन्यांवर गैरवापर घडण्यापूर्वीच काही बंधने घालावीत, अशी शिफारस शासनाने नेमलेल्या समितीने मार्च २०२४ मध्ये केली. वर्चस्व सिद्ध होईपर्यंत थांबणे नेहमीच परवडत नाही, याची ही कबुलीच आहे.

चालकांचा अनुभवही बोलका आहे. उत्तेजनाच्या रकमा कमी होऊ लागताच फेब्रुवारी २०१७ मध्ये बंगळूरच्या चालकांनी संप केला. चढ्या कमाईच्या भरवशावर ज्यांनी कर्ज काढून गाडी घेतली होती, त्यांचे हप्ते कमाईबरोबर कमी होणारे नव्हते. भाड्याविषयीची तक्रारही कालांतराने उलट दिशेने येऊ लागली. पहिल्या दोन किलोमीटरांसाठी शासनाने ३० रुपये दर ठरविला असताना अॅपवरून बोलावलेल्या रिक्षाला किमान १०० रुपये पडतात, या तक्रारींवरून ऑक्टोबर २०२२ मध्ये कर्नाटकाच्या परिवहन खात्याने ओला, उबर व रॅपिडो यांना रिक्षासेवा थांबविण्यास सांगितले. रिक्षा व टॅक्सी हे वेगळे बाजार असल्यामुळे ही जुन्या तोट्याची वसुली होती असे यावरून सिद्ध होत नाही. पण स्वस्ताई हा या धंद्याचा कायमचा धर्म नाही, एवढे त्यातून दिसले.

त्याच वेळी आयोगाच्या बाजूचाही एक पुरावा बंगळूरनेच दिला. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये रिक्षाचालकांच्या संघटनेच्या सहभागाने नम्म यात्री हे अॅप सुरू झाले. त्यात भाडे थेट चालकाला मिळे व प्रत्येक फेरीमागे दलाली द्यावी लागत नसे. पुढे त्यासाठी अल्प ठराविक शुल्काची पद्धत आली. २०२५ च्या फेब्रुवारीत उबरनेही रिक्षांच्या बाबतीत दलाली सोडून ठराविक शुल्काचा मार्ग पत्करला. म्हणजे जाळे कितीही घट्ट असले तरी नव्या स्पर्धकाचा मार्ग पूर्णपणे बंद झालेला नव्हता. मात्र हा प्रवेश गुंतवणूकदारांच्या थैलीपेक्षा चालकांच्या संघटनेच्या बळावर झाला, हे विसरून चालणार नाही. ज्या धंद्यात अशी संघटना नाही, तेथे हीच आशा कशाच्या आधारावर धरावी, हा प्रश्न उरतोच.

२०१७ चा निकाल त्या वेळच्या कायद्याच्या शब्दांना धरून होता, याविषयी फारसा वाद संभवत नाही. त्या शब्दांनी विचारलेला प्रश्न पुरेसा होता काय, याविषयी मात्र वाद संभवतो. बनशंकरीच्या प्रवाशाला केवळ आजचे भाडे कमी असून भागत नाही. उद्या भाडे वाढले तर दुसरी गाडी बोलावता आली पाहिजे. चालकालाही केवळ आजची उत्तेजनाची रक्कम पुरत नाही. उद्या ती आटली तर दुसऱ्याकडे जाता आले पाहिजे. स्पर्धेच्या कायद्याने जपावयाचे ते हे उद्याचे दुसरे दार. ते बंद होऊन गेल्यावर कोणी बंद केले याचा शोध घेणे सोपे असते. बंद होत असताना ते ओळखणे कठीण असते, आणि उपयोग मात्र त्याचाच असतो.